जळायला मीच

३ सप्टेंबर १९७३, सोमवार

नाही ओढली. सकाळचे अकरा वाजले. अजून नाही ओढली!

डॉक्टर म्हणाले, "तलफ आली की हाताला काम दे. वीण, शेंगा सोल, नाहीतर मनात येईल ते लिहून काढ." विणकाम मला जमत नाही. शेंगा घरात होत्या तेवढ्या सोलून झाल्या. म्हणून ही वही. डॉयलला पशुखाद्याच्या गिरणीतून फुकट मिळालेली, वर डुकराचं चित्र. डुक्कर हसतंय.

हे सांगताना डॉक्टरांच्या स्वतःच्या बोटांत सिगारेट होती. राख माझ्या एक्स-रेवर पडली, ती त्यांनी फुंकून उडवली. "पंचेचाळिशीतल्या बाईची छाती अशी दिसू नये, नेल्डा."

डॉयल म्हणाला, "तीन दिवस. फार तर चार." आणि माझ्यासमोर काडी ओढली. नवरा आहे माझा! बावीस वर्षं झाली.

४ सप्टेंबर

शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे मुलांचा मक्याचा पाव भाजला. माझ्याबरोबर काम करणारी मोझेल म्हणाली, "नेल्डा, ओव्हनवर का ओरडतेस गं? त्यानं काय केलंय?"

पेन्सिल ओठात धरून बसते. मागचं रबर चावून संपलं. मोझेल हसून हसून बेजार.

७ सप्टेंबर

पाचवा दिवस. डॉयलशी बोललेच नाही. तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याची मलाच भीती.

९ सप्टेंबर, रविवार

पाद्रीबुवांनी तंबाखूच्या पिकासाठी प्रार्थना केली. पाऊस नको, बुरशी नको, भाव चांगला मिळो. सगळ्यांनी आमेन म्हटलं, मीही. या तालुक्यात चर्चचं छप्पर तंबाखूच्या पैशाचं, शाळेची बस तंबाखूची, डॉक्टरांची मोटारही तंबाखूचीच. प्रत्येक कोठारात पानं टांगलेली. वारा सुटला की सगळं गाव गोड वासानं भरतं. आणि इथे मी सिगारेट सोडायला निघालेय!

डेटनहून ट्रेसीचा फोन. "मम्मा, तू फार चिडून बोलतेस." मी म्हटलं, "मी चिडून बोलत नाहीये!" आणि फोन आपटला. एकुलती एक लेक!

११ सप्टेंबर

सकाळची कॉफी समोर ठेवली. सिगारेट नाही तर कॉफी विधवेसारखी दिसते.

सिगारेट सोडली. आता या घरात जळायला मीच उरले.

१५ सप्टेंबर, शनिवार

शनिवारी दुपारी बारा ते एक डॉयल रेडिओवर असतो. 'डॉयल कॉडिल आणि मंडळी.' मंडळी म्हणजे एक ढोलवाला, एक बासवाला आणि हनुवटीखाली फिडल धरून वाजवणारा हर्शेल. हर्शेल आणि लोरेन आमच्या पलीकडच्या टेकडीवर राहतात. हर्शेल हसायला लागला की घोडा खिंकाळल्यासारखं वाटतं.

तीच जुनी गाणी. डॉयलला चाली सुचतात, भरपूर सुचतात. शब्द सुचत नाहीत. सहा वर्षांत एक नवीन गाणं नाही. ट्रकमधून पशुखाद्य पोचवतो, शिट्टीवर चाली वाजवतो, आणि घरी येऊन तोंड पाडून बसतो. शब्दांचं नाव काढलं की चिडतो.

वही पिठाच्या डब्यामागे ठेवते. डॉयलला स्वयंपाकघरात पाण्याचा पेलासुद्धा सापडत नाही.

१८ सप्टेंबर

आज स्वप्नात ओढली. इतकी छान होती की जागी झाल्यावर रडले.

२४ सप्टेंबर

डॉयल फार खुशीत आहे. जेवताना म्हणाला, "मटण बरं झालंय." बावीस वर्षांत दुसऱ्यांदा! संध्याकाळी शेडमध्ये गिटार घेऊन बसतो. मी गेले की थांबतो. "काय चाललंय?" तर म्हणे, "तारा बदलतोय."

आठवडाभर तारा बदलतोय?

३० सप्टेंबर

पायऱ्या चढून चर्चमध्ये गेले, दम लागला नाही. कुणाला सांगू? डॉयलला सांगितलं. "हं," म्हणाला.

मी सिगारेट सोडली आणि याच्या लक्षातच आलं नाही की मी अजून इथेच आहे.

६ ऑक्टोबर, शनिवार

सगळं नीट लिहायला हवं. तलफ आली म्हणून नाही.

दुपारी सफरचंदं सोलत होते. रेडिओ लावलेला. निवेदक म्हणाला, "आणि आता डॉयलचं नवं कोरं गाणं!" मला आनंदच झाला. खरंच झाला! सुरी खाली ठेवली आणि आवाज मोठा केला.

पहिल्या कडव्यात पेन्सिल चावणारी बायको. मी हसले. पेन्सिलीची गोष्ट मोझेलनं गावभर केली होती, त्याच्या कानावर गेली असेल. बायको ओव्हनवर ओरडते—तेही ठीक. मग म्हणाला,

"कॉफी बिचारी विधवा झाली…"

हे मी कुणालाच बोलले नव्हते. मोझेलला नाही, ट्रेसीला नाही. आणि मग ध्रुवपद आलं. हर्शेलचं फिडल खिदळत होतं, मागे सगळी मंडळी टाळ्या देत होती:

"बायकोनं माझ्या सिगारेट सोडली,
आता घरात जळायला, मीच उरलो, मीच उरलो!"

माझी ओळ. माझी! मी जळतेय असं मी लिहिलं होतं. त्यानं ती उलटवली. आता मी जाळणारी, आणि तो बिचारा जळणारा.

घरी आल्यावर म्हणाला, "ऐकलंस?"

"ऐकलं."

"कसं वाटलं?"

"शब्द चांगले आहेत."

माझ्याकडे बघितलंही नाही. "सुचले," म्हणाला. "ट्रक चालवता चालवता."

८ ऑक्टोबर

ही दुसरी वही. शाळेतली, भाज्यांच्या हिशेबाची, पुढची पानं फाडून टाकली. ही इथेच राहील, शाळेच्या कोठीत, घेवड्याच्या डब्यांमागे. सुट्टीच्या दिवसांपुरती एप्रनमध्ये गुंडाळून घरी नेईन. ६ तारखेचं पानही जुन्या वहीतून काढून इथे चिकटवलं, आधीची सगळी पानं उतरवून घेतली.

जुनी वही आहे तिथेच, पिठाच्या डब्यामागे. तिच्यात लिहितेच आहे. त्याच्यासाठी! आज लिहिलं: "मांजर दारातून आधी माझा चेहरा बघतं, मग ठरवतं आत यायचं की नाही."

आमच्याकडे मांजर नाही. कधीच नव्हतं. डॉयलला मांजरांनी शिंका येतात.

१३ ऑक्टोबर, शनिवार

नवं कडवं गायला. मांजराचं.

बटाटे सोलत होते. एक सोलला, दुसरा सोलला. सगळे सोलून ठेवले. वीस पौंड. आम्ही दोघंच तर आहोत जेवायला.

१९ ऑक्टोबर

किराणा दुकानात गेले तर गल्ल्यावरचा म्हणतो, "काय कॉडिलबाई, आज नवऱ्याला कितपत भाजलं? मध्यम की कडक?" रांगेतले सगळे हसले. चर्चमध्ये पाद्रीबुवा म्हणाले, "डॉयलसाठी प्रार्थना करतो हं आम्ही." शाळेत पोरं ताट पुढे करून गातात—जळायला मीच उरलो! सात-आठ वर्षांची पोरं!

सत्तेचाळीस दिवस. एकही ओढली नाही. या गावात एकानंही विचारलं नाही, "नेल्डा, जमतंय का गं?" सगळे त्याचीच विचारपूस करतात.

मोझेलनं पाव कापताना हळूच विचारलं, "तुला लागतं का गं ते?" मी म्हटलं, "गाणं आहे. गाण्याचं काय लागायचं?"

२७ ऑक्टोबर, शनिवार

नॅशव्हिलहून माणूस आला. प्रुइट नाव. रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचा. त्याला रेडिओवर बोलावलं, डॉयलची मुलाखतही ठेवली. मी घरीच, इस्त्री करत ऐकत होते.

प्रुइट म्हणाला, "चाली खूप जणांना येतात हो. पण हे शब्द! हे कुठून आणलेत?"

डॉयल म्हणाला, "देवाची कृपा. ट्रक चालवताना येतात."

"आणि बायकोला काय वाटतं?"

"ती?" डॉयल म्हणाला. "ती काही लिहीत नाही, वाचत नाही. नुसती धुमसते!"

सगळे हसले. हर्शेल सगळ्यात जोरात. ते घोड्याचं हसणं माइकमधून माझ्या स्वयंपाकघरात आलं.

डॉयलच्या शर्टावर इस्त्री तशीच राहिली. रविवारचा शर्ट होता. पाठीवर चांगला तपकिरी त्रिकोण उठला. मी बघत उभी राहिले.

२९ ऑक्टोबर

आज जुन्या वहीत जे लिहिलं, ते इथे खरं खरं लिहून ठेवते.

१९६२ साली डॉयल आठ महिने डेटनला कारखान्यात होता. हर्शेल दर गुरुवारी आमच्याकडे लाकडं फोडून द्यायला यायचा. एवढं खरं. अख्ख्या गावाला माहीत आहे. लोरेनच पाठवायची त्याला.

पुढचं मी रचलं. लिहिलं की एका गुरुवारी पीच बरण्यांत भरत होते. हात चिकट होते. हर्शेल पाणी प्यायला आत आला. लिहिलं की त्या उन्हाळ्यानंतर कितीतरी वर्षं मी फिडल ऐकलं की खोलीबाहेर जायचे. शेवटी लिहिलं, "डॉयलला हे कधी कळणार नाही."

दोन पानं. एका बैठकीत. एकही शब्द खोडला नाही! खरं लिहायला मला दोन महिने लागले. खोटं असं वाहत आलं की जणू तेच घडलं होतं.

डब्याभोवती थोडं पीठ भुरभुरलं. बघू.

३१ ऑक्टोबर

पिठात अंगठा उमटलाय.

बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

१ नोव्हेंबर

डॉयल जेवला नाही. "पोट ठीक नाही," म्हणाला. अंगणात सिगारेट ओढत उभा राहिला, एकीवर एक. मी खिडकीतून बघत होते. दुखतंय ना? आता कडवं कर याचं! गा की रेडिओवर!

३ नोव्हेंबर, शनिवार

रेडिओवर फिडल नव्हतं. निवेदक म्हणाला, हर्शेलची तब्येत बरी नाही.

४ नोव्हेंबर, रविवार

चर्चहून आल्यावर लोरेन आली. हातात उशीचा अभ्रा. टेबलावर उपडा केला. आत लाकडाचे तुकडे, तारा, एक मोडलेली मान. हर्शेलचं फिडल. त्याच्या आजोबांचं होतं ते.

"शुक्रवारी सरावाला गेला होता," लोरेन म्हणाली. "डॉयलनं त्याच्या हातातून घेतलं, जमिनीवर ठेवलं आणि बुटानं चिरडलं. एक शब्द न बोलता! हर्शेल विचारतोय, अरे काय झालं, काय केलं मी? तर हा ट्रकमध्ये बसून निघून गेला. नेल्डा, काय झालंय गं? तुला माहीत असेल."

मी म्हटलं, "मला काही बोलला नाही."

"बावीस वर्षं त्याच्या शेजारी उभा राहिला गं तो. तुमच्या लग्नात वाजवलं त्यानं. रात्रभर रडलाय. साठीला आलेला माणूस रडताना बघितलाय कधी?"

तुकडे एकेक करून परत अभ्र्यात भरले तिनं. एक खुंटी माझ्या टेबलाखाली राहिली. ती गेल्यावर सापडली. एप्रनच्या खिशात ठेवलीय. काय करू तिचं?

डॉयलला विचारलं, "हर्शेलच्या फिडलचं काय झालं?"

"पाय पडला," म्हणाला.

६ नोव्हेंबर

मला डॉयलला दुखवायचं होतं. हर्शेलला नाही. हसला तो, एवढंच. सगळेच हसले होते.

९ नोव्हेंबर

जुन्या वहीत खरं लिहिलं. मोठ्या अक्षरात, खाली दोन-दोन रेघा मारून. "२९ ऑक्टोबरला लिहिलेलं सगळं खोटं आहे. हर्शेलनं कधी माझ्याकडे नजर वर करून पाहिलं नाही. मी रागात लिहिलं, कारण तू माझे शब्द चोरलेस आणि वर सगळ्यांना सांगितलंस की मी काही लिहीत नाही."

डब्याभोवती पीठ भुरभुरलं. नेहमीपेक्षा जास्तच.

१० नोव्हेंबर

पीठ जसंच्या तसं.

११ नोव्हेंबर

तसंच. वही डब्यामागून काढून डब्यापुढे ठेवली.

१३ नोव्हेंबर

टेबलावर ठेवली, उघडी करून. त्याच्या ताटाशेजारी! त्यानं ती बंद केली, बाजूला सरकवली आणि घेवड्याचं सूप खाल्लं.

दोन महिने चोरून वाचत होता. आता मी वाच म्हणते तर हात लावत नाही.

१४ नोव्हेंबर

लोरेनकडे गेले. टेकडी चढून गेले, एका दमात. दोन महिन्यांपूर्वी तीनदा थांबावं लागलं असतं.

सगळं सांगितलं. वही, गाणं, रेडिओवरचं हसणं, पीच. तिनं मधे एकदाही तोडलं नाही. हर्शेल बाहेर लाकडं फोडत होता, आवाज येत होता.

मग म्हणाली, "म्हणजे खोटं आहे."

"देवाशपथ खोटं आहे, लोरेन."

"हातात पीच होते म्हणालीस. चिकट हात."

"रचलं गं मी ते!"

"हो. पण आता मला दिसतंय ना ते." उठली, माझा कप उचलला. कॉफी अर्धी होती. "मी त्याला गुरुवारी पाठवायचे. मीच पाठवायचे. आता प्रत्येक गुरुवार आठवतेय. किती वाजता आला, काय बोलला, जेवला की नाही. खोटं आहे हे कळतंय गं मला. पण तू ते असं लिहिलंस की…"

कप धुतला, पुसला. मी निघाले तेव्हा हर्शेलनं टोपी काढून नमस्कार केला, नेहमीसारखा. त्याला अजून काही माहीत नाही. लोरेन सांगणार की नाही, तेही माहीत नाही.

१७ नोव्हेंबर, शनिवार

रेडिओवर आज डॉयल शेवटचा गायला. सोमवारी नॅशव्हिलला निघतोय, रेकॉर्डिंगला. गावाला काय आनंद! अग्निशमन केंद्रावर फलक लावलाय.

संध्याकाळच्या जेवणाआधी तो अंगणात बुटांना पॉलिश करत बसला होता. मी समोर जाऊन उभी राहिले.

"हर्शेलचं मी लिहिलं ते खोटं होतं."

"काय लिहिलंस?" ब्रश थांबला नाही.

"तुला माहीत आहे."

"मला काय माहीत असणार? तुझ्या वह्या मी कशाला वाचू?"

"डॉयल, आपल्याकडे मांजर नाही!"

ब्रश थांबला. पुन्हा सुरू झाला.

"गाण्यात मांजर असतं," म्हणाला. "सगळ्यांच्याच गाण्यात असतं."

"कॉफी विधवा होते सगळ्यांच्या गाण्यात? जळायला मीच उरले, हे सगळ्यांच्या गाण्यात? कबूल तरी कर! एकदा तोंडानं म्हण की मी वाचलं. मग मी सांगते ना काय खरं, काय खोटं. ती ओळ घे तू. गाणंच घे. पण त्या बिचाऱ्या माणसाचं फिडल तरी दुरुस्त करून दे!"

दुसऱ्या बुटाला हात घातला. मी उभीच. माझा आवाज आता स्वच्छ झालाय, पलीकडच्या शेतापर्यंत गेला असेल. जाऊ दे.

तोही पुसून झाला. मग दोन्ही बूट शेजारी शेजारी नीट ठेवले आणि त्यांच्याकडे बघत म्हणाला,

"बाकी ओळ न् ओळ खरी लिहिलीस, नेल्डा. मी बघत होतो ना. पेन्सिल खरी, कॉफी खरी, मी नुसतं 'हं' म्हणालो तेही खरं. तेवढंच खोटं?"

"मांजर खोटं होतं!"

"मांजर खोटं होतं," म्हणाला. "ते मला वाचतानाच कळलं होतं. विनोदी होतं म्हणून घेतलं. हे विनोदी नव्हतं."

आणि आत गेला.

म्हणजे मी त्याला पकडायला मांजर लिहिलं, आणि त्यानं मलाच पकडलं होतं! तरी गायला. मग ते दुसरं खोटं का नाही ओळखता आलं? का मी खरंच इतकं चांगलं लिहिलं?

१९ नोव्हेंबर

पहाटे गेला. भाजलेला शर्ट घेऊन गेला. वर कोट घातला की दिसत नाही म्हणे.

२२ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

डेटनहून ट्रेसी आली. टर्की दोघींना फार झाली. "डॅडी कधी येणार?" म्हटलं, रेकॉर्डिंगला वेळ लागतो. "मम्मा, तू चिडत नाहीस हल्ली." म्हटलं, सवय झाली.

तिच्या पर्समध्ये सिगारेटचं पाकीट होतं. दिसलं. ती अंघोळीला गेली तेव्हा पर्सची चेन लावून टाकली. बोटांना वास राहिला नुसता पर्सचा.

२४ नोव्हेंबर

ओढली.

ट्रेसीला बस स्टँडवर सोडलं आणि पाकीट विकत घेतलं. मोटारीत बसून ओढली. त्र्याऐंशी दिवसांनंतर! डोकं गरगरलं, खोकला आला, चव काहीच नाही. अर्धी विझवली. मग उरलेली अर्धीही ओढली.

पाकीट खिडकीतून फेकलं. बाजूनं तंबाखूचा ट्रक गेला, विक्रीला चाललेला, वर ताडपत्री बांधलेली. चालवणाऱ्यानं हॉर्न वाजवला. ओळखीचा होता. तोंडानं म्हणाला, आवाज आला नाही पण ओठांवरून कळलं—जळायला मीच.

२५ नोव्हेंबर

पहिला दिवस. पुन्हा.

१२ डिसेंबर

डॉयलचा फोन. "रेकॉर्डिंग झालं. चांगलं झालं. इथेच थांबतोय थोडे दिवस. प्रुइट काम देतोय."

"थोडे म्हणजे किती?"

"बघू."

"हर्शेलबद्दल—"

"नेल्डा, लांबचा फोन आहे," म्हणाला, आणि ठेवला.

ही वही आता घरीच आणली. लपवायची कुणापासून?

२३ डिसेंबर

चर्चमध्ये लोरेन दोन रांगा पुढे बसली होती. एकटी. हर्शेल ओहायोला गेलाय, भावाकडे, कारखान्यात काम बघायला. साठाव्या वर्षी! प्रार्थना संपल्यावर तिनं पुस्तक छातीशी धरलं आणि माझ्या बाजूचा दरवाजा सोडून लांबच्या दरवाजानं गेली.

फिडलची खुंटी माझ्याकडेच आहे. द्यायला गेले नाही. देऊन काय, फिडल कुठाय?

१७ जानेवारी १९७४

मोठ्या रेडिओ स्टेशनवर वाजलं! मोझेलनं कोठीतला रेडिओ मोठा केला. "अगं, तुझं गाणं! म्हणजे तुझ्यावरचं गं!"

फिडल दुसऱ्या कुणाचं तरी. सफाईदार. खिदळणं नाही त्यात. डॉयलचा आवाज चांगला लागलाय, तरुणपणीसारखा. मांजराचं कडवं काढून टाकलंय. तिथे नुसतं फिडल.

आता तीन राज्यांत माझी ओळ गातील. आणि म्हणतील, वा, काय लिहितो हा डॉयल कॉडिल!

मोझेल म्हणाली, "रडतेस का?"

"कांदा," म्हटलं. कांदा तिच्या हातात होता.

९ फेब्रुवारी

तलफ येते, जाते. गाण्याची मात्र सुटका नाही. बस स्टँडवर, न्हाव्याकडे, दाताच्या डॉक्टरकडे. तोंड उघडं, आत यंत्र, आणि वरून माझाच नवरा मला सांगतोय की मी त्याला जाळते.

जुनी वही चुलीत टाकायला काढली. टाकली नाही. त्या खोट्या दोन पानांशी येऊन थांबले. वाचलं. काय लिहिलंय! मलासुद्धा पीचचा वास आला. एवढं बरं मी आयुष्यात काही लिहिलं नसेल, आणि त्या लिहिण्यानं एका माणसाचं घर मोडलं.

ती दोन पानं तेवढी जाळली.

२० फेब्रुवारी

अठ्ठ्याऐंशी दिवस. आधीच्या वेळेपेक्षा पाच जास्त. कुणाला सांगायचं नाही, कुणी विचारत नाही. तुलाच सांगते.

१ मार्च १९७४, शुक्रवार

पोस्टानं रेकॉर्ड आली. पत्र नाही, चिठ्ठी नाही. मधल्या गोल कागदावर मोठ्या अक्षरात 'जळायला मीच'. त्याखाली, गायक: डॉयल कॉडिल.

त्याखाली, बारीक अक्षरात: शब्द—नेल्डा स्टिडम.

चष्मा पुसून पुन्हा वाचलं. शब्दांना त्याचं नाव नाही, फक्त माझं. कॉडिल नाही. स्टिडम. माझ्या बापाचं आडनाव, लग्नाआधीचं. शब्द परत केले त्यानं, आडनावही.